सहावा प्रश्न

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपासनेच्या वेळचं शास्त्रवाचन, म्हणजे बायबलचं वाचन, माझ्याकडे असतं. आवाज बरा आहे आणि जोडाक्षरांना अडखळत नाही, एवढीच पात्रता. अकरा वर्षं वाचतोय. त्यामुळे असेल, पण नैराश्याचा आजार आला तो माझ्याच आवाजात वचनं वाचत आला. हे वाचन देवाकडचं नाही, हे कळायला मला सात महिने लागले.

सुरुवात झोपेपासून झाली. रात्री झोप लागायची, पण पहाटे तीनला, फार तर सव्वातीनला, डोळे टक्क उघडायचे. कामाचा ताण होता हे खरं. एक सहकारी सोडून गेला होता आणि दोघांचं काम एकट्यावर आलं होतं. पण अंधारात पडल्या पडल्या डोक्यात काम नसायचं, तिथं बायबलमधल्या, पौलानं लिहिलेल्या फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय असायचा. ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका.’ हे वचन मी आजवर कितीतरी जणांना दिलंय, कधी दवाखान्यात, कधी कुणाची नोकरी गेल्यावर. आता ते मला हुकूम म्हणून ऐकू यायला लागलं. हुकूम मोडला म्हणजे पाप. मी चिंता करतो हे पाप, आणि पाप घडतंय याची पुन्हा चिंता. घाण्याचा बैल तरी दिवस मावळल्यावर सोडतात.

मग मी एक वही केली. पहाटे उठून त्यात कबुली लिहायची. ‘प्रार्थनेत मन लागलं नाही. मुलीवर ओरडलो. गीत गाताना आनंद वाटला नाही. मी मंडळीत उभा राहण्याच्या लायकीचा नाही.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, फक्त तारीख नवी. एकदा मागितलेली क्षमा मिळते हे मी चारचौघांत शिकवतो, आणि एकाच गोष्टीची क्षमा महिनाभर रोज मागत होतो. यात काही विचित्र आहे असं मला वाटलंच नाही. उलट आपण आता खरे नम्र झालो, असंही मधूनच वाटून जायचं. त्याबद्दल पुन्हा एक ओळ.

पाळकसाहेबांना सांगितलं. त्यांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि तीन दिवसांचा उपास करायला सांगितला. मी केला. वजन आधीच उतरलं होतं, तिसऱ्या दिवशी जिन्यात चक्कर आली. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण शास्त्रातल्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट तेव्हा आम्हा दोघांपैकी एकालाही आठवली नाही, याचं आज नवल वाटतं.

बायको मात्र गप्प बसणारी नव्हती. ‘तू आजारी आहेस, डॉक्टरकडे चल,’ हे तिचं रोजचं पालुपद. मी म्हणायचो, हा आत्मिक प्रश्न आहे, गोळी घेणं म्हणजे विश्वास कमी पडल्याची कबुली देणं. एका शनिवारी मी वाचनाची तयारी करत बसलो होतो. तिनं सरळ माझ्या नाकावरचा चष्मा काढला नि मुठीत धरला. म्हणाली, ‘उद्या असंच वाच. विश्वासानं.’

सोमवारी गेलो.

आधी नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. थायरॉईड बिघडलं तरी माणूस असाच खचतो, म्हणाले. ते ठीक निघालं, तेव्हा त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्या बाई होत्या, ख्रिस्ती नव्हत्या, आणि मी मनातून थोडा तयारीतच गेलो होतो की या माझ्या श्रद्धेला हात घालतील. त्यांनी एक कागद पुढे केला. नऊ प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला? मुळीच नाही तर शून्य, जवळजवळ रोज असेल तर तीन. एकूण गुण 27 पैकी.

पहिला प्रश्न: कशात रस किंवा आनंद वाटत नाही का? तिसरा झोपेचा. पाचवा भुकेचा. सहावा वाचला आणि पेन तसंच धरून बसलो. आपण वाईट आहोत, अपयशी आहोत, स्वतःला किंवा घरच्यांना तोंडघशी पाडलं, असं वाटतं का? माझी वही होती ती! सात महिने ज्याला मी पश्चात्ताप समजत होतो, ते या कागदावर भूक आणि झोपेच्या ओळीत, लक्षण म्हणून छापलेलं होतं. मी एकटाच एवढा पापी, हा माझा एक छुपा समज होता. माझ्यासारख्या इतक्या लोकांना हे वाटतं की त्याचा छापील प्रश्न झालाय, हे वाचून हसू आलं आणि लगेच रडूही.

नववा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याचा असतो. मी त्यावर एक गुण लिहिला, म्हणजे ‘काही दिवस’. बाईंनी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवले आणि त्यावर आडपडदा न ठेवता विचारलं. घरी सांगितलंय का? नव्हतं सांगितलं. त्यांनी बायकोला आत बोलवून घ्यायला लावलं आणि मला ते मोठ्यानं म्हणायला लावलं. त्या पाच मिनिटांइतकं अवघड मी आजवर काही बोललेलो नाही. ज्याच्या मनात हे येत असेल त्यानं ते आजच कुणाला तरी सांगावं, डॉक्टरला, घरच्याला, मदतवाहिनीवर. एवढं एकच मी या लेखात सांगायचं म्हणून सांगतो, बाकी सगळी माझी गोष्ट आहे.

माझे गुण 19 आले. गोळी सुरू झाली. बाईंनी आधीच बजावलं होतं की फरक पडायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात, पण त्रास मात्र पहिल्या दिवसापासून होऊ शकतो. तसंच झालं. आठवडाभर मळमळ, तोंडाला कोरड, आणि मूड तिथंच. ‘बघ, देवाला हे मान्य नाही,’ हे वाचन त्या आठवड्यात जोरात चाललं होतं. पाचव्या आठवड्यात एका सकाळी जाग आली तेव्हा सहा वाजले होते. चमत्कार वगैरे काही नव्हता. फक्त सहा वाजले होते.

झोप परतल्यावर डोकं वाचायच्या लायक झालं आणि मी एलीया काढला, 1 राजे, अध्याय 19. कर्मेल डोंगरावरच्या एवढ्या मोठ्या विजयानंतर हा माणूस ईजबेल राणीच्या धमकीनं पळतो, रानात एका झुडपाखाली बसतो आणि ‘आता पुरे’ म्हणून मरण मागतो. कितीदा वाचलं असेल मी हे पुढं उभं राहून. पण देव त्याला काय बोलतो हे पहिल्यांदा नीट पाहिलं. काहीच बोलत नाही. एलीया झोपतो. देवदूत त्याला हात लावून उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू ठेवलेला असतो. खातो, पितो, परत झोपतो. दुसऱ्यांदा उठवतात, पुन्हा खायला घालतात. त्यानंतर चाळीस दिवस-रात्र चाल होते आणि मग होरेब डोंगरावर देवाचा पहिला प्रश्न येतो, ‘एलीया, तू इथं काय करतोस?’ विश्वास का डळमळला, हा प्रश्न त्यात नाहीच. दोन झोपा, दोन जेवणं आणि सहा आठवड्यांची वाट झाल्यावर बोलणं सुरू होतं. आणि आम्ही उपासाला बसलो होतो!

गोळीसोबत समुपदेशन होतं, आठवड्यातून एकदा. समुपदेशकांनी वही मागितली, वाचली नाही, नुसती चाळली. म्हणाले, ‘याच वहीत प्रत्येक वाक्यापुढे एक गोष्ट लिहा. हे वाक्य तुम्हाला करायला काय सांगतं?’ मी बसलो लिहायला. ‘मी लायकीचा नाही.’ पुढे काय करू? काही नाही. ‘गाताना आनंद वाटला नाही.’ काय करू? काही नाही. पानंच्या पानं कोरी. फक्त एका वाक्यापुढे उत्तर होतं. वडिलांच्या कागदपत्रांवरून मोठ्या भावाला मी लागेल असं बोललो होतो आणि दोन वर्षं आमचं बोलणं बंद होतं. त्यापुढे लिहिलं: फोन कर.

प्रेषित पौल करिंथकरांस दुसऱ्या पत्रात, सातव्या अध्यायात, दोन दुःखांतला फरक सांगतो. एक देवाच्या इच्छेनुसारचं, ते पश्चात्तापाकडे आणि तारणाकडे नेतं. दुसरं जगाचं, ते मरणाकडे. इतकी वर्षं मला वाटायचं की दुसरं म्हणजे पैसा-अडक्यासाठी रडणं. आता मी माझ्यापुरता साधा अर्थ लावतो: पहिल्याच्या शेवटी एखादा फोन असतो, दुसऱ्याच्या शेवटी नुसता निकाल. शास्त्राचे अभ्यासक याला मान डोलावतील की नाही, देव जाणे. भावाला फोन केला. त्यानं ‘कोण?’ विचारलं, ओळखून. मग अर्धा तास बोललो.

चिंतेवरही एक तोडगा मिळाला, आणि तो ऐकून मी आधी चिडलो होतो. रोज संध्याकाळी 6 ते 6:20 ही वेळ चिंतेसाठी राखून ठेवायची. इतर वेळी चिंता आली तर कागदावर एक शब्द टिपायचा आणि तिला सांगायचं, संध्याकाळी ये. मला हा पोरखेळ वाटला. मग मत्तयाचा सहावा अध्याय आठवला: ‘उद्याची चिंता करू नका, कारण उद्याची चिंता उद्याला, ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे.’ प्रभूनं दुःख नाहीच असं कुठं म्हटलंय? पुरेल एवढं आहे म्हटलंय, आणि ते ज्याच्या त्याच्या दिवशी ठेवायला सांगितलंय. पहिल्या आठवड्यात वीस मिनिटं पुरली नाहीत. महिन्याभरानं संध्याकाळी चिठ्ठी उघडायचो तर निम्मे शब्द कशाबद्दल होते तेच आठवेना.

फिलिप्पैकरांशी समेट व्हायला मात्र वेळ लागला. तो झाला एका ग्रीक शब्दामुळे. मला ग्रीक येत नाही, पण शब्दकोश चाळता येतो. ‘चिंताक्रांत होऊ नका’ इथं जो शब्द आहे, त्याच कुळातला शब्द पौल 2 करिंथ 11 मध्ये स्वतःसाठी वापरतो: सर्व मंडळ्यांविषयीची चिंता माझ्यावर रोज येऊन पडते. म्हणजे ‘चिंता करू नका’ असं तुरुंगातून लिहिणारा माणूस स्वतःच्या रोजच्या चिंतेबद्दल दुसरीकडे उघड लिहितो, आणि ती पाप म्हणून कबूल करत नाही. मग ते वाक्य हुकूम कसं असेल? घाबरलेल्या पोराच्या पाठीवर हात ठेवून आई ‘घाबरू नको’ म्हणते, तेव्हा पोरानं भीतीबद्दल क्षमा मागावी अशी तिची अपेक्षा नसते. स्वर चुकला होता, वाचणाऱ्याचा. म्हणजे माझाच.

पाळकसाहेब मध्यंतरी घरी आले. बराच वेळ नुसते बसले. मग म्हणाले, उपासाचं माझं चुकलं. त्यांनीच मला स्पर्जन या नामांकित इंग्रज प्रवचनकाराबद्दल सांगितलं. ऑक्टोबर 1856 मध्ये लंडनच्या सरे गार्डन्समधल्या सभागृहात त्याचं प्रवचन चालू असताना कुणीतरी आग लागल्याची खोटी आरोळी ठोकली, आणि चेंगराचेंगरीत सात माणसं मेली. तो तेव्हा 22 वर्षांचा होता. खिन्नतेनं त्याला पुढे आयुष्यभर अधूनमधून गाठलं, आणि हे त्यानं लपवलं नाही, पाळक होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांना वर्गात सांगितलं. ‘आम्हाला कुणी शिकवलं नाही हे,’ साहेब म्हणाले, आणि मग अगदी हळू, की त्यांनाही तीनला जाग येते.

आता वर्ष होत आलं. गोळी चालू आहे. बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा महिने घ्यायची आणि मनानं बंद करायची नाही, अशी ताकीद आहे. ‘ताई, प्रभूनं बरं केलं ना, मग अजून गोळी कशाला?’ असं बायकोला विचारणारे भेटतात. ती चष्म्याकडे बोट दाखवते. मला एवढं धाडस नाही, मी विषय बदलतो.

वाचन मधे पाच महिने बंद होतं. परत सुरू केलं तेव्हा साहेबांनी विचारलं, कुठलं घ्यायचं? मी स्तोत्र 88 मागितलं. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी वळण घेतात, कुठंतरी ‘तरीपण मी तुझी स्तुती करीन’ येतं. हेमान नावाच्या स्तोत्रकर्त्याच्या या स्तोत्रात ते येत नाही. रात्रंदिवस आरोळी मारूनही ते अंधारातच थांबतं. मूळ हिब्रूत तर शेवटचा शब्दच अंधार आहे. तरी ते कुणी शास्त्रातून काढून टाकलं नाही. मी अठराही वचनं वाचली, शास्त्र मिटलं आणि जागेवर येऊन बसलो. नेहमीचं ‘आमेन’ यायला थोडा वेळ लागला.

उपासना सुटल्यावर पुढच्या बाकावरच्या मावशी थांबल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या आहेत, माझ्या वाचनातली एकही चूक त्यांनी आजवर सोडलेली नाही.

‘काय रे, शेवटचं पान राहिलं का तुझं? चिकटलं होतं का?’

‘नाही मावशी, ते तिथंच संपतं.’

‘तिथंच?’ त्यांनी पिशवीतून आपलं शास्त्र काढलं, बोट लावून स्तोत्र शोधलं, आणि ओठ हलवत पहिल्या ओळीपासून वाचायला लागल्या. मी शेजारी बसून राहिलो.