पाल चुकचुकली म्हणून

जानेवारीतली रात्र, साडेनऊचा सुमार. मुलगा लायब्ररीतून चालत घरी येत होता. वय १९, पाठीवर सॅक, डोक्यावर हूड, दोन्ही हात जॅकेटच्या खिशात. अमेरिकेतल्या ओहायोत जानेवारीच्या रात्री हात खिशाबाहेर ठेवून चालणारा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही. घर दोन गल्ल्यांवर आलं असताना पोलिसांची गाडी शेजारी येऊन थांबली. नाव, पत्ता, जन्मतारीख. मग एक पोलीस म्हणाला, "जरा चाचपून बघतो, चालेल?"

आमचे चिरंजीव म्हणाले, "ओके, सर."

आधी जॅकेटवरून हात फिरला, मग थेट खिशात गेला. निघाला काय, तर दम्याचा इनहेलर. तो परत दिला, "जपून जा" म्हणाले आणि गेले. दहा-अकरा मिनिटांचं प्रकरण.

मी फार्मसिस्ट आहे. इनहेलर रोज हाताळते. कापडावरून कितीही दाबला तरी त्याचं पिस्तूल होत नाही. पण त्या रात्री मी चिडले ती मुलावरच. "ओके कशाला म्हणालास?"

"मग काय म्हणायचं होतं, आई?"

मला उत्तर येत नव्हतं. ते शोधण्यात पुढचे दोन महिने गेले.

रस्त्यात थांबवून चाचपण्याचं हे सगळं ज्या निकालावर उभं आहे तो आमच्याच राज्यातला निघाला. ३१ ऑक्टोबर १९६३, क्लीव्हलंड, युक्लिड ॲव्हेन्यू आणि ह्युरॉन रोडचा कोपरा. मार्टिन मॅकफॅडन हे ३९ वर्षं नोकरी झालेले पोलीस साध्या वेशात उभे होते. दोन माणसं आळीपाळीनं एकाच दुकानाच्या काचेपर्यंत जात, आत डोकावत, परत येऊन कुजबुजत. असं डझनभर वेळा झालं. तिसरा एक येऊन बोलून गेला. मॅकफॅडन पुढे झाले, नावं विचारली, उत्तर पुटपुटल्यासारखं आलं, तेव्हा त्यांनी टेरी नावाच्या माणसाला गर्रकन फिरवून वरून चाचपलं. कोटात रिव्हॉल्व्हर. दुसऱ्याकडेही एक. तिसऱ्याकडे काही नाही.

आज त्या भागात नाट्यगृहं आहेत, रस्त्यावर भलंमोठं झुंबर टांगलंय. मी तिथे दोनदा नाटक पाहून आले होते आणि यातलं काही मला ठाऊक नव्हतं.

१९६८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं आठ विरुद्ध एक मतांनी मॅकफॅडनना बरोबर ठरवलं. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी निकाल लिहिला. १७९१ च्या चौथ्या घटनादुरुस्तीला अवाजवी झडती चालत नाही. पण पोलिसाला काही ठोस, शब्दांत सांगता येतील अशा गोष्टी दिसल्या असतील तर वॉरंट नसतानाही थोडा वेळ थांबवता येतं. नुसती मनात पाल चुकचुकली, एवढं पुरत नाही. आणि थांबवता येतं म्हणजे चाचपताही येतं, असं नाही. हे मला सगळ्यात उशिरा कळलं. थांबवायला गुन्ह्याचा वाजवी संशय लागतो. चाचपायला समोरच्याकडे हत्यार असेल, तो धोकादायक असेल, असा वेगळा संशय लागतो. तेही वरवर, हत्यारापुरतंच.

एकटे न्यायमूर्ती डग्लस विरोधात गेले. त्यांचा मुद्दा असा, की न्यायाधीशाला वॉरंट काढायला जेवढा आधार लागतो त्याहून कमी आधारावर रस्त्यावरचा पोलीस झडती घेणार, म्हणजे तो न्यायाधीशापेक्षा मोठा झाला की. मला ते अजून खोडता आलेलं नाही.

त्याच दिवशी न्यूयॉर्कच्या सिब्रॉन नावाच्या माणसाच्या खटल्याचाही निकाल लागला, त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं. पोलिसानं त्याला आठ तास व्यसनी लोकांशी बोलताना पाहिलं, पण काय बोलला ते ऐकलं नाही, काही देताना पाहिलं नाही. शेवटी सरळ खिशात हात घातला आणि हेरॉइन काढलं. न्यायालयानं ती झडती बेकायदा ठरवली. १९९३ मध्ये मिनेसोटाच्या खटल्यात पोलिसाला खिशातली छोटी गुठळी हत्यार नाही हे कळलं होतं, तरी तो ती दाबत, सरकवत राहिला. तीही झडती बेकायदा ठरली. मायामीत तर बसथांब्यावरच्या चौकड्याच्या शर्टातल्या मुलाकडे बंदूक आहे, असा निनावी फोन आला आणि बंदूक खरोखर सापडली! तरी २००० साली नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी झडती चूक ठरवली. काय सापडलं यावरून आधीचा संशय खरा ठरत नाही.

आणि रस्त्यावर? न्यूयॉर्कमध्ये जानेवारी २००४ ते जून २०१२ या काळात ४४ लाख वेळा लोकांना थांबवलं गेलं. ८८ टक्के वेळा पुढे ना अटक, ना समन्स. ज्यांना चाचपलं त्यांतल्या दीड टक्क्यांकडे हत्यार निघालं. थांबवल्याची नोंद करायच्या फॉर्मवर 'चोरट्या हालचाली' अशी एक चौकट होती, तिच्यावर खूण केली की झालं. २०१३ मध्ये न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. थांबवलेल्यांत ८० टक्क्यांहून जास्त कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक देशांतल्या मुळांचे) होते, हे त्याच निकालात आहे.

आता आमचं 'ओके, सर'. संमती दिली की वरचं जवळपास सगळं बाजूला राहतं. आणि नाही म्हणता येतं, हे पोलिसानं सांगायलाच हवं असं नाही. १९७३ पासून कायदा तसाच आहे. नाव, पत्ता, जन्मतारीख सांगणं वेगळं. वाजवी संशय असेल तर ओहायोत ते सांगावंच लागतं. झडतीला मात्र नाही म्हणता येतं. अंगावर हात आला तर प्रतिकार करायचा नाही, फक्त "माझी संमती नाही" एवढं स्पष्ट बोलायचं आणि "मी जाऊ शकतो का?" विचारायचं. स्वयंपाकघरात मी पोलीस झाले, तो तो झाला. तिसऱ्या वेळी दोघांनाही हसू आवरेना.

मार्चमध्ये अर्ज करून त्या रात्रीची नोंद मागवली. साडेतीन ओळी. हात खिशात. वर्दळ कमी. व्यक्तीच्या संमतीने झडती.

मुलानं ती उभ्या उभ्या वाचली. "मी 'सर' म्हणालो होतो," तो म्हणाला, "ते नाही लिहिलं."