लाल पासपोर्ट, निळा पासपोर्ट

काल स्पेनला उतरलो आणि पहिला दीड तास रांगेत. ऊन, समुद्र वगैरे सगळं काचेपलीकडे.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात बाहेरच्या प्रवाशांची नवी नोंदणी सुरू झाली आहे. ब्रिटिश पासपोर्ट असला तरी चार बोटांचे ठसे आणि फोटो. धाकटी बाराच्या आतली, म्हणून ठशांतून सुटली; तर हिरमुसली! मशीनने माझा अंगठ्याशेजारच्या बोटाचा ठसा तीनदा नाकारला. भांडी घासून रेषाच उरल्या नसाव्यात, असं बायको म्हणाली. (भांडी मी घासतो, हे तिनेच चारचौघांत जाहीर केलं.)

पुढे एक लँकेशरचे आजोबा होते. "पूर्वी नुसता लाल पासपोर्ट दाखवला की बाहेर," म्हणाले. आता ब्रिटन युरोपीय संघाबाहेर, पासपोर्ट निळा आणि १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, त्यामुळे त्यांचा अख्खा हिवाळा इथल्या फ्लॅटवर काढायचा बेत बारगळला. २०१६ च्या ब्रेक्झिट सार्वमतात (संघात राहायचं की बाहेर पडायचं) मत कशाला दिलं होतं, हे विचारायचं अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं.

आमच्या ऑफिसातला एक जण मात्र शेजारच्या रांगेतून शीळ घालत गेला. आजी आयर्लंडमध्ये जन्मलेली, तेवढ्यावर आयरिश, म्हणजे युरोपीय संघातल्या देशाचा पासपोर्ट.

मला खरं तर फारसा राग आला नाही. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच असतो तो) बँकेच्या स्टेटमेंटची चळत घेऊन फिरलोय मी. पोरांची चीज सँडविचं तेवढी विमानातच संपवून टाकली. ब्रिटनमधून दुधाचे पदार्थ आत न्यायला बंदी आहे ना!