मोंढ्यातील निर्णय आणि हालचालींचे विश्लेषण: माझा अनुभव

लातूरला आमची डाळ मिल आहे आणि तुरीच्या खरेदीचे निर्णय मी आणि माझे थोरले चुलतभाऊ मिळून घेतो. आवक वाढली की आमचा वाद ठरलेला असे. दादा म्हणत, "घेऊन टाकू, पुढचं पुढं बघू," आणि मी म्हणे, "दादा, उदगीरचा भाव तर कळू द्या." वाद भावाचा नसून आमच्या दोघांच्या निर्णय घेण्याच्या पद्धतींचा आहे, असे मला पुष्कळ दिवस वाटत होते. म्हणूनच एका परिचितांनी सुचवल्यावर आम्ही दोघांनीही मूव्हमेंट पॅटर्न ॲनालिसिस, म्हणजे बोलतानाच्या हालचालींवरून माणसाची निर्णय घेण्याची रीत ओळखणारे विश्लेषण, करून घेतले.

ही पद्धत ब्रिटनच्या वॉरन लॅम्ब (१९२३–२०१४) यांची. त्यांचे गुरू रुडॉल्फ लाबान हे मूळचे नृत्यक्षेत्रातले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी एफ. सी. लॉरेन्स या व्यवस्थापन सल्लागारांसोबत इंग्लंडच्या कारखान्यांत कामगारांच्या हालचालींचा अभ्यास केला होता. लॅम्ब यांनी तीच नजर कामगारांवरून व्यवस्थापकांकडे, म्हणजे निर्णय घेणाऱ्यांकडे वळवली.

आमच्याकडे आलेल्या प्रशिक्षित विश्लेषक बाईंनी प्रत्येकाची सुमारे दोन तासांची स्वतंत्र मुलाखत घेतली आणि आमच्या संमतीने तिचे चित्रीकरण केले. प्रश्न साधे होते: शिक्षण, धंद्यात कसे आलात, एखादा मोठा व्यवहार कसा झाला. उत्तरांतल्या मजकुराला गुण नव्हते. बोलताना शरीर कसे हलते, एवढेच त्या नोंदवत होत्या. हाताची घडी म्हणजे मन बंद, नाक खाजवले म्हणजे खोटे, असल्या ठोकताळ्यांशी या पद्धतीचा काहीही संबंध नाही आणि हे त्यांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट केले, याचे मला फार बरे वाटले. नुसता हात हलला तर ती सवय किंवा शिष्टाचार असू शकतो. मात्र हाताची हालचाल आणि सबंध शरीराची हालचाल एकाच ढंगाने (उदा. सारख्याच दाबाने किंवा वेगाने) एकमेकींत मिसळते, तो क्षण त्या माणसाचा स्वतःचा मानला जातो, कारण तसे ठरवून करणे अवघड असते.

दादांचे चित्रीकरण आम्ही त्यांच्या परवानगीने एकत्र पाहिले. तूर ओंजळीत घेऊन फुंकर कशी मारायची आणि दाणा दाताखाली फोडून ओल कशी ओळखायची, हे सांगताना त्यांची फक्त बोटे हलत होती. पण "आणि मग मी सौदा तोडला" म्हणताना खांदा, छाती आणि हात एकाच झपाट्याने पुढे आले. बाईंनी चित्र थांबवून तो क्षण पुन्हा दाखवला. मी वेगवेगळ्या बाजारांविषयी बोलताना माझा हात बाजूला जाई आणि त्याच्यासोबत माझी छातीही रुंदावत, वळत असे. मला याचा पत्ताच नव्हता.

या नोंदींवरून निर्णयाच्या तीन टप्प्यांत माणसाची ऊर्जा कशी वाटली जाते, ते टक्केवारीत मांडतात. पहिला टप्पा लक्ष घालण्याचा: बारकाईने तपासणे आणि नवे पर्याय शोधणे. दुसरा निश्चय करण्याचा: ठाम राहणे आणि मोल जोखणे. तिसरा कृतीत उतरण्याचा: नेमकी वेळ साधणे आणि पुढचा अंदाज बांधणे. हालचाल एकाच दिशेवर केंद्रित आहे की अनेक दिशांना वळणारी, दाब किती, वेग किती यांवरून प्रत्येक टप्प्यातली पहिली बाजू कळते. शरीर आडवे पसरते-मिटते, वर-खाली होते की पुढे-मागे जाते, यावरून दुसरी. दादांचा मोठा वाटा तिसऱ्या टप्प्यात निघाला आणि माझा पहिल्या. इथवर आश्चर्य वाटण्यासारखे काही नव्हते. खरे महत्त्वाचे निघाले ते हे की मधला टप्पा दोघांचाही कमी होता. मी माहिती गोळा करीत राही, दादा उडी घेत, आणि हा माल याच भावाला आपल्याला का हवा, हे ठामपणे ठरवण्यात आमच्यापैकी कोणाचीच फारशी ताकद खर्च होत नव्हती.

टक्केवारी कमी म्हणजे कुवत कमी, असा अर्थ यातून काढता येत नाही. निर्णय चूक की बरोबर, हेही ती सांगत नाही. पुरावाही अजून मर्यादित आहे. अमेरिकेतील लष्करी अधिकाऱ्यांवरील २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्या हालचालींचे आकृतिबंध आणि निर्णय घेण्याची रीत यांचा संबंध आढळला, पण त्यात जेमतेम डझनभर माणसे होती. त्यामुळे नोकरभरतीसाठी हे वापरावे, या मताला माझा स्पष्ट विरोध आहे, आणि आमच्या मिलमध्ये कोणाला कामावर घेताना आम्ही ते वापरणार नाही.

कामाची वाटणी मात्र आम्ही बदलली. बाजारांची चौकशी माझ्याकडे आणि सौद्याची वेळ दादांकडे राहिली. या दोहोंच्या मध्ये आमचे मुनीम कोणत्या प्रतीचा माल, कशासाठी आणि कमाल किती भावाने घ्यायचा, हे आम्हा दोघांना विचारून वहीत लिहून घेतात. त्या नोंदीवर दोघांच्या सह्या झाल्याशिवाय आता दादा मोंढ्यात बोली लावत नाहीत, आणि सही झाल्यावर मी उदगीरला फोन करत नाही.