आमची वाटचाल : पेटीचं दुकान आणि गूगलचं पहिलं पान

आजोबांनी बडोद्याच्या दांडिया बाजारात हार्मोनियमचं दुकान टाकलं, तेव्हा जाहिरात म्हणजे दारावरची पाटी. मराठीत 'बडोदे', इंग्रजीत 'बरोडा' आणि गुजरातीत आणखी तिसरंच. गिऱ्हाईक तसंही पायी यायचं. सयाजीरावांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी १८८६ साली सुरू केलेली गायनशाळा, म्हणजे आजची विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी, सूरसागर तलावाजवळच आहे. तिथली मुलं, भजनी मंडळं, एखादे कीर्तनकार, एवढ्यावर दोन पिढ्या निभावल्या.

२०२० मध्ये भजनं आणि वर्ग दोन्ही थांबले आणि दुकानात फक्त मी, बाबा आणि सोळा न विकलेल्या पेट्या उरलो. भाचीच्या मित्राने वेबसाइट करून दिली, पण ती कुणाला सापडेना. म्हणून साइट गूगलच्या शोधात वर आणून देणारी एजन्सी शोधायला निघालो. शोधली कशी, तर गूगलवर ज्यांचं नाव सगळ्यांत वर दिसलं त्यांना फोन लावला. ती पैसे भरून लावलेली जाहिरात होती, हे फार उशिरा लक्षात आलं.

आलेला मुलगा गोड बोलणारा. "अंकल, ९० दिवसांत पहिल्या पानावर. गॅरंटी लेखी देतो." महिना १२,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. नुसतं पॉलिश बघून पेटी घेणाऱ्या गिऱ्हाइकाला आम्ही दुकानात मनातल्या मनात हसतो. मी दुसरं काय केलं?

गॅरंटी त्यांनी पाळली, हं. ९० दिवसांत आम्ही खरोखर पहिले आलो. शोधायचे शब्द होते, 'बेस्ट हँडमेड हार्मोनियम शॉप दांडिया बाजार वडोदरा गुजरात'. एवढं लांबण जगात कुणी टाइप करत असेल असं मला वाटत नाही. दर महिन्याला चाळीस पानी रंगीत अहवाल यायचा. फोन मात्र होते तेवढेच.

पुढच्या पावसाळ्यात तर दुकानाचं नाव घालूनही साइट दिसेनाशी झाली. भाची म्हणाली, "मामा, सर्च कन्सोल कुणाच्या नावावर आहे?" सर्च कन्सोल म्हणजे काय हेच मला माहीत नव्हतं. आपली साइट कुठल्या शब्दांवर दिसते, किती जण आत येतात, गूगलची काही तक्रार आहे का, हे सगळं दाखवणारं गूगलचंच फुकट साधन. ते एजन्सीच्या खात्यात होतं, डोमेन म्हणजे साइटचा पत्ताही त्यांच्याच नावावर. आपल्या दुकानाची किल्ली परक्याच्या खिशात! ती परत मिळवायला तीन महिने फेऱ्या मारल्या.

आत शिरलो तर अनैसर्गिक लिंकांबद्दल गूगलची नोटीस महिनोन्महिने पडून होती. जुगाराच्या आणि कर्जाच्या कुठल्याकुठल्या साइटवरून आमच्याकडे लिंका विकत घेतल्या होत्या. रँक वाढवण्यासाठी लिंका विकत घेणं गूगलच्या नियमांत बसत नाही, आणि २०१२ साली गूगलने शोधाच्या पद्धतीत केलेल्या 'पेंग्विन' नावाच्या बदलापासून अशा लिंका पकडायचं काम जोरात सुरू आहे. माझ्या दुकानाला ते कळायला एवढी वर्षं लागली.

दुसऱ्या वेळी हेच काम करणाऱ्या तिघांना दुकानात बोलावलं, चहा पाजला आणि बाबांची जुनी परीक्षा लावली. हार्मोनियमच्या सुरांसाठी पालिताणा नावाजलेलं, म्हणून 'आतले सूर पालिताण्याचे' असं प्रत्येक विकणारा सांगतो. बाबांचं उत्तर ठरलेलं : झाकण काढ आणि दाखव. मीही विचारलं, पहिल्या तीन महिन्यांत नेमकं काय करणार? लिंका आणणार असाल तर कुठून? पहिल्याने पुन्हा गॅरंटी काढली. गूगलने स्वतःच लिहून ठेवलंय की पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही. त्याला चहा संपल्यावर निरोप दिला. दुसरा नुसती पॅकेजं वाचून दाखवत होता.

तिसरी, एक बाई, वहीच घेऊन आल्या. "तुम्हाला फोन करणारे काय विचारतात, ते पंधरा दिवस लिहून ठेवा," म्हणाल्या. लिहिलं. 'एक पट्टी दाबली की वाजतच राहते', 'भात्यातून हवा जाते', 'पावसात पट्ट्या अडकतात', 'घरी येऊन सूर लावता का'. त्या यादीतूनच साइटची पानं झाली. मजकूर बाबांनी सांगितला, भाचीने टाइप केला. बाईंनी आणखी एक गोष्ट पकडली. शहराचं अधिकृत नाव १९७४ पासून वडोदरा असलं, तरी शोधणारे अजून 'बरोडा' टाइप करतात. म्हणजे आजोबांची पाटी बरोबरच होती!

फरक दिसायला चार महिने ते वर्ष लागेल, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. करार महिन्याचा, डोमेन आणि सर्च कन्सोल माझ्या मालकीचे, गूगलवर दुकानाचा पत्ता, फोन आणि रिव्ह्यू दाखवणाऱ्या बिझनेस प्रोफाइलवर मी मालक आणि त्या मॅनेजर. जुन्या लिंका काढायला साइटवाल्यांना पत्रं लिहिली. ज्या निघाल्या नाहीत त्या 'गृहीत धरू नका' म्हणून गूगलला कळवल्या आणि फेरविचाराचा अर्ज केला. यात बराच काळ गेला आणि मधे दोनदा मी पार वैतागलो.

एकदा बाईंनी मलाच झापलं. 'रिव्ह्यू लिहा, सुरांची तपासणी मोफत' अशी पाटी मी काउंटरवर लावली होती. बक्षीस देऊन रिव्ह्यू मिळवणं चालत नाही, म्हणाल्या. नुसतं विचारायला हरकत नाही. पाटी काढली, आता क्यूआर कोड तेवढा चिकटवलाय. रिव्ह्यू कमी येतात, पण त्यात एका आजींनी पेटीच्या गळक्या भात्याबद्दल सहा ओळी लिहिल्यात, त्या मी बाबांना वाचून दाखवल्या.

आता आठवड्याला आठ-दहा फोन नेटवरून येतात, काही सुरत-आणंदचेही. बाईंनी 'पेटी दुरुस्ती' हे शब्दही एका पानावर घातले, कारण आपण मराठी माणसं हार्मोनियमला पेटीच म्हणतो. गुजरातीत पेटी म्हणजे खोकं, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. गेल्या गुरुवारी मांडवीहून एक काका रिक्षातून लोखंडी ट्रंक घेऊन उतरले, बिजागरी तुटलेली. मी समजावून सांगत होतो, तेवढ्यात बाबांनी हातोडी उचलली होती.