ग्राफिक्स कार्ड आहे, तरीही टाइमलाइन अडखळते तेव्हा

चांगले ग्राफिक्स कार्ड बसवूनही ज्यांची टाइमलाइन अडखळते, त्यांची पहिली तक्रार ठरलेली असते: व्हिडिओ एडिटिंगचे सॉफ्टवेअर कार्डाला हातच लावत नाही. पुरावा म्हणून टास्क मॅनेजरचा स्क्रीनशॉट दाखवला जातो आणि त्यात कार्डाचा वापर जेमतेम सात-आठ टक्के असतो. त्यावर मिळणारे सल्लेही ठरलेलेच असतात: ड्रायव्हर काढून पुन्हा टाका, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाका, तेवढ्याने भागले नाही तर विंडोजच नव्याने टाका. यातले काही उपाय काही वेळा लागू पडतात, हे मान्य आहे. पण बिघाड नेमका कोणत्या टप्प्यावर आहे हे न पाहता त्यांनीच सुरुवात करणे म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला. माझ्या पाहण्यात आलेल्या अशा बहुतेक संगणकांवर कार्ड व्यवस्थित चालू होते. अडलेले काम दुसरेच कुठले तरी होते.

‘अ‍ॅक्सलरेशन’ (प्रोसेसरऐवजी कार्डाकडून काम करवून घेणे) हे एका बटणाने चालू किंवा बंद होणारे एकच काम आहे, या समजुतीत गोंधळाचे मूळ आहे. वास्तविक एक क्लिप डिस्कवरून उचलली जाऊन पडद्यावर दिसेपर्यंत आणि पुढे एक्स्पोर्ट होऊन फाइल बनेपर्यंत कार्डाकडे निरनिराळी कामे येतात. कॅमेऱ्याने आवळून ठेवलेली फाइल उलगडून तिच्यातल्या फ्रेम मोकळ्या करणे, म्हणजे डिकोडिंग, हे पहिले. त्या फ्रेमवर रंगदुरुस्ती, स्केलिंग, ब्लर असे संस्कार करणे हे दुसरे. तयार चित्र पडद्यावर पाठवणे हे तिसरे आणि एक्स्पोर्टच्या वेळी ते पुन्हा आवळणे, म्हणजे एन्कोडिंग, हे चौथे. इफेक्टची आकडेमोड कार्डाचे सर्वसाधारण गणनकोश करतात, तर डिकोडिंग आणि एन्कोडिंगसाठी त्याच चिपवर स्वतंत्र, ठरावीक काम करणारी सर्किट असतात. त्यामुळे एक भाग पूर्ण जोमात चालू असताना दुसरा रिकामा बसलेला असणे अगदी शक्य आहे. अडोबी प्रीमियर प्रोमध्ये २०१० साली सीएस५ आवृत्तीबरोबर मर्क्युरी प्लेबॅक इंजिन आले, ते कुडाच्या, म्हणजे एनव्हिडियाच्या कार्डांकडून आकडेमोड करवून घेणाऱ्या तंत्राच्या, साहाय्याने इफेक्टचे काम कार्डाकडे देत असे. एनव्हिडिया आणि एएमडीच्या कार्डांवरील डिकोडिंग-एन्कोडिंगची सर्किट त्याच सॉफ्टवेअरमध्ये वापरात यायला २०२० साल उजाडावे लागले. मधल्या काळात लिहिले गेलेले अनेक सल्ले अजूनही फिरत आहेत आणि ते वाचून माणूस चुकीच्या ठिकाणी शोधत राहतो.

म्हणून पहिली पायरी म्हणजे मोजणे. टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ विभागात कार्ड निवडल्यावर काही छोटे आलेख दिसतात आणि प्रत्येकाच्या डोक्यावरच्या बाणावर क्लिक केले की तो आलेख काय दाखवतो हे बदलता येते. एका आलेखात ‘व्हिडिओ डिकोड’, दुसऱ्यात ‘व्हिडिओ एन्कोड’ आणि तिसऱ्यात ‘कुडा’ किंवा ‘कंप्यूट’ लावून ठेवावे. नुसता ‘थ्रीडी’चा आलेख पाहून निष्कर्ष काढणे व्यर्थ आहे. विंडोजमधील हार्डवेअर शेड्युलिंग चालू असल्यास काही संगणकांवर ‘कुडा’ हा पर्याय यादीत दिसतच नाही. अशा वेळी एनव्हिडियाच्या ड्रायव्हरबरोबर येणारे एनव्हिडिया-एसएमआय हे कमांड लाइनवरचे साधन ‘डीमॉन’ या पर्यायासह चालवावे. गणनकोश, मेमरी, एन्कोडर आणि डिकोडर यांचे आकडे चार वेगळ्या स्तंभांत दर सेकंदाला सरकताना दिसतात.

आता कोणताही इफेक्ट न लावलेली एकच कच्ची क्लिप नव्या टाइमलाइनवर ठेवावी आणि चालवून पाहावी. ती तिथेच अडखळत असेल, तर इफेक्टचा किंवा कुडाचा काहीही संबंध नाही. अडचण डिकोडिंगची आहे किंवा डिस्कच्या वेगाची. ती सुरळीत चालली, तर मूळ प्रकल्पातील इफेक्ट एकेक करून चढवत जावे आणि गाडी कुठे अडते ते पाहावे. ही चाचणी इतकी साधी आहे की लोक तिला कमी लेखतात, पण ड्रायव्हरच्या आवृत्त्यांवर तासन्‌तास घालवण्यापेक्षा तिच्यातून अधिक कळते.

माझ्या अनुभवात बहुसंख्य प्रकरणे या पहिल्याच टप्प्यावर, डिकोडिंगवर, येऊन थांबतात आणि त्यांचे कारण फाइलच्या आत दडलेले असते. ‘एच.२६५ आहे आणि माझे कार्ड एच.२६५ डिकोड करते’ एवढे म्हणणे पुरेसे नाही. एच.२६४ आणि एच.२६५ ही व्हिडिओ आवळण्याच्या पद्धतींची नावे झाली. रंगाची माहिती ४:२:० पद्धतीने ठेवली आहे की अधिक तपशील राखणाऱ्या ४:२:२ पद्धतीने, आणि खोली ८ बिट आहे की १० बिट, यावर सगळे अवलंबून असते. मिररलेस कॅमेऱ्यावर ‘१० बिट ४:२:२’ निवडून चित्रीकरण करणे आता सर्रास झाले आहे. परंतु एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५० मालिकेआधीच्या कार्डांमधील डिकोडर ४:२:२ प्रकारचे एच.२६४ किंवा एच.२६५ हाताळतच नाही. ही मर्यादा सिलिकॉनमध्येच आहे, त्यामुळे कोणत्याही ड्रायव्हरने ती दूर होत नाही. अशी क्लिप चालवताना प्रोसेसरचे सगळे कोअर शंभर टक्क्यांना भिडलेले असतात, ‘व्हिडिओ डिकोड’चा आलेख मात्र तळाशी सरळ रेषेत पडून असतो. हे दृश्य दिसले की निदान जवळजवळ झालेच. खात्रीसाठी मीडियाइन्फो या मोफत साधनात फाइल उघडावी आणि ‘क्रोमा सबसॅम्पलिंग’ व ‘बिट डेप्थ’ या दोन ओळी वाचाव्यात.

गंमत अशी की, महागड्या कार्डाला जे जमत नाही ते कधी कधी प्रोसेसरमधील साध्या ग्राफिक्स भागाला जमते. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स असेल, तर त्यातील क्विक सिंक हे तंत्र १० बिट ४:२:२ एच.२६५ उलगडू शकते. अडचण एवढीच, की वेगळे कार्ड बसवल्यावर अनेक मदरबोर्ड हा अंगभूत भाग आपोआप बंद करतात. बायॉसमध्ये जाऊन तो पुन्हा चालू करावा, त्याचा ड्रायव्हर टाकावा आणि मग सॉफ्टवेअरच्या ‘मीडिया’ किंवा ‘डिकोड’ सेटिंग्जमध्ये दोन्ही पर्यायांना खूण करावी. ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ हे अक्षर आहे त्यात हा भाग उपलब्धच नसतो, तेव्हा तिथे शोधण्यात अर्थ नाही. १० बिट ४:२:२ एच.२६४ फाइलींसाठी तर हाही मार्ग बंद आहे.

हे काहीच शक्य नसेल तर प्रॉक्सी, म्हणजे मूळ फाइलींच्या एडिटिंगपुरत्या सहज उलगडणाऱ्या प्रती, बनवाव्यात. प्रॉक्सी म्हणजे मोठ्या हार्ड डिस्कचा अपव्यय, असे मानणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही. एच.२६४ आणि एच.२६५ मध्ये सर्वच फ्रेम पूर्ण साठवलेल्या नसतात. बहुतेक फ्रेम आधीच्या किंवा नंतरच्या फ्रेमपासून काय बदलले एवढेच सांगतात. म्हणून टाइमलाइनवर मधल्याच एखाद्या ठिकाणी उडी मारली की सॉफ्टवेअरला मागच्या पूर्ण फ्रेमपासून सगळा हिशेब पुन्हा करत यावे लागते, आणि उलट दिशेने चालवताना तर फारच हाल होतात. प्रॉक्सीसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर या फॉरमॅटमध्ये प्रत्येक फ्रेम स्वयंपूर्ण असते. जागा अधिक लागते, पण जुना संगणकही अशा फाइली सहज पेलतो. मोबाइलवर किंवा स्क्रीन रेकॉर्डरने घेतलेल्या चित्रणात आणखी एक कटकट असते: दर सेकंदाच्या फ्रेमची संख्या बदलती असते. त्याने प्लेबॅक धडपडतो आणि आवाज हळूहळू ओठांच्या पुढे-मागे सरकतो. असे चित्रण हँडब्रेकमधून ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’वर बदलून घ्यावे, त्याचा दोष कार्डाला देऊ नये.

कच्ची क्लिप सुरळीत चालत असेल, तरच इफेक्टच्या बाजूकडे वळावे. प्रीमियरमध्ये ‘फाइल’, ‘प्रोजेक्ट सेटिंग्ज’, ‘जनरल’ या मार्गाने गेल्यावर ‘रेंडरर’ची निवड दिसते, तिथे ‘सॉफ्टवेअर ओन्ली’ असेल तर कुडा, ओपनसीएल किंवा मेटल यांपैकी कार्डाला चालणारे तंत्र निवडावे. हे सेटिंग प्रत्येक प्रकल्पाबरोबर जाते, त्यामुळे दुसऱ्याने पाठवलेला प्रकल्प उघडल्यावर ते आवर्जून तपासावे. दाविंची रिझॉल्व्ह या दुसऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये हीच निवड ‘प्रेफरन्सेस’मधील ‘मेमरी अँड जीपीयू’ या पानावर आहे. यापुढे प्रश्न उरतो तो इफेक्टच्या जातीचा. प्रीमियरच्या इफेक्ट पॅनेलमध्ये कार्डावर चालणाऱ्या इफेक्टसमोर एक छोटे चिन्ह असते आणि वरच्या गाळणीने तेवढेच इफेक्ट वेगळे काढता येतात. ते चिन्ह नसलेला एखादा इफेक्ट साखळीच्या मध्येच बसला, तर फ्रेम कार्डाच्या मेमरीतून मुख्य मेमरीत आणावी लागते, प्रोसेसरकडून काम करवून घ्यावे लागते आणि परत पाठवावी लागते. चार वेगवान इफेक्टांमध्ये बसलेला असा एकच जुना प्लगइन साऱ्या टाइमलाइनचा वेग खाऊन टाकतो.

कार्डाच्या मेमरीचा हिशेब मात्र एकदा हाताने मांडून पाहण्यासारखा आहे. ३८४० गुणिले २१६० म्हणजे जवळपास ८३ लाख पिक्सेल. रंगाचे तीन आणि पारदर्शकतेचा एक असे चार घटक, प्रत्येकी ३२ बिट, म्हणजे पिक्सेलमागे १६ बाइट. गुणाकार केला की ४के दर्जाची एकच फ्रेम सुमारे १३३ मेगाबाइट जागा घेते, हे लक्षात येते. पाच फ्रेम एकत्र पाहून चित्रातले नको असलेले ठिपके कमी करणारे टेम्पोरल नॉइज रिडक्शन लावले, तर नुसत्या मूळ फ्रेमच साडेसहाशे मेगाबाइटच्या पुढे जातात. मधल्या टप्प्यांचे निकाल, दुसरे थर आणि पडद्याचा खर्च वेगळाच. ४ गिगाबाइटच्या कार्डावर रिझॉल्व्ह ‘जीपीयू मेमरी इज फुल’ असा संदेश का दाखवते, हे या आकड्यांवरून उघड व्हावे. मूळ फाइल आकाराने लहान आहे, हा युक्तिवाद इथे चालत नाही, कारण उलगडल्यावर सगळ्या फाइली सारख्याच फुगतात. उपाय म्हणजे एडिटिंगपुरते टाइमलाइनचे रिझोल्यूशन १०८० वर आणणे, ज्याने फ्रेमची जागा चौथाई होते, आणि ब्राउझर बंद करणे, कारण तोही त्याच मेमरीत वाटा मागत असतो.

ड्रायव्हरकडे यानंतर वळावे. एनव्हिडियाचे ‘स्टुडिओ’ आणि ‘गेम रेडी’ असे दोन प्रकार आहेत. एडिटिंगसाठी स्टुडिओ घ्यावा, मात्र त्याने वेग वाढेल अशी अपेक्षा ठेवू नये, स्थैर्याची ठेवावी. ‘रेंडरर’च्या यादीत कुडाचा पर्यायच दिसत नसेल, काम करता करता पडदा क्षणभर काळा होत असेल किंवा विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ क्रमांकाची नोंद सापडत असेल, तर ड्रायव्हर पूर्ण पुसून नव्याने टाकण्याला अर्थ आहे. ही नोंद ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवले आणि विंडोजने तो पुन्हा सुरू केला, असे सांगते. प्रतिसाद देण्यासाठीची मूळ मुदत केवळ २ सेकंदांची असते आणि जड इफेक्ट कमकुवत कार्डावर ती सहज ओलांडतो. जुन्या कार्डांचे दुखणे निराळे: सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती कुडाची नवी आवृत्ती मागते आणि ती त्या कार्डाला चालत नाही. तिथे सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती ठेवणे हाच शहाणपणाचा मार्ग. लॅपटॉपवर विंडोजच्या ‘ग्राफिक्स’ सेटिंग्जमध्ये जाऊन एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला ‘हाय परफॉर्मन्स’ लावावे आणि चार्जर जोडलेला ठेवावा; बॅटरीवर कार्ड आपला वेग बराच आवरते.

एक्स्पोर्टबद्दल थोडक्यात. प्रीमियरमध्ये बिटरेटसाठी ‘व्हीबीआर, टू पास’ (चित्रण दोनदा तपासून आवळणे) निवडले की हार्डवेअर एन्कोडिंग आपोआप बंद होते आणि काम प्रोसेसरकडे जाते. ‘वन पास’ केल्यावर ते परत येते. तसेच हार्डवेअर एन्कोडिंग चालू असतानाही एक्स्पोर्टच्या वेळी प्रोसेसर व्यग्र दिसला, तर घाबरण्याचे कारण नाही, कारण डिकोडिंगचा आणि काही इफेक्टचा भार त्याच्यावर असू शकतो.

तयार फाइलमध्ये हिरव्या पट्ट्या, फाटलेल्या फ्रेम किंवा मध्येच काळे चौकोन येत असतील, तर त्याच दहा सेकंदांच्या तुकड्याचे तीन एक्स्पोर्ट करावेत: एक नेहमीसारखा, एक हार्डवेअर डिकोडिंग बंद करून आणि एक हार्डवेअर एन्कोडिंग बंद करून. प्रीमियरमध्ये डिकोडिंगचे सेटिंग बदलल्यावर सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडावे. तिन्हींत दोष तसाच राहिला, तर ‘रेंडरर’ बदलून ‘सॉफ्टवेअर ओन्ली’वर चौथा एक्स्पोर्ट करावा. ज्या एक्स्पोर्टमध्ये दोष नाहीसा होईल, त्यात बंद केलेला टप्पा संशयित धरावा. मदत मागताना तो टप्पा, ड्रायव्हर आणि सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या आणि मीडियाइन्फोमधील त्या क्लिपची माहिती सोबत द्यावी. टास्क मॅनेजरचा स्क्रीनशॉट द्यायचाच असेल, तर आलेख बदलून मग घ्यावा.