गुरुवारची तळघरातली तालीम आणि सोडेरमाल्ममधला स्टुडिओ

स्टॉकहोममधील आमच्या पाच जणांच्या भजनी मंडळाला सरकारदरबारी भजनी मंडळ म्हणून कोणी ओळखत नाही. कागदोपत्री आम्ही एक अभ्यासवर्तुळ आहोत. स्वीडिश भाषेत त्याला ‘स्टूडिएसिर्केल’ म्हणतात. दर गुरुवारी संध्याकाळी उपनगरातल्या एका तळघरात, कोपऱ्यातला ड्रमसेट जरा बाजूला सारून आणि गिटारवाल्यांच्या वायरी गुंडाळून ठेवून, आम्ही सतरंजी अंथरतो, पेटी उघडतो आणि आमचा ‘अभ्यास’ सुरू होतो. शेवटी आमच्यापैकी जो वर्तुळप्रमुख आहे, तो फोनवरच्या हजेरीपत्रकात प्रत्येकाच्या नावापुढे खूण करतो. इथला अभ्यासाचा तास पंचेचाळीस मिनिटांचा असतो आणि असे किती तास भरले यावर, ही खोली चालवणाऱ्या संस्थेच्या अनुदानाचा हिशेब होतो. थोडक्यात, आमच्या हरिपाठाचा काही खर्च स्वीडनचा करदाता उचलतो. त्या करदात्यांत आम्हीही आहोतच, त्यामुळे फारसा संकोच वाटत नाही.

ही व्यवस्था शंभराहून अधिक वर्षे जुनी आहे. दारूबंदी चळवळीतल्या ऑस्कर ओल्सन यांनी १९०२ साली लुंड येथे पहिले अभ्यासवर्तुळ सुरू केले. चार माणसांनी एकत्र बसून पुस्तके वाचावीत आणि शिक्षकावाचून एकमेकांकडून शिकावे, एवढीच त्यामागची कल्पना होती. १९१२ मध्ये कामगार चळवळीने आपली शिक्षणसंस्था काढली, पुढे आणखी संस्था आल्या आणि त्या सर्वांना सरकारी पैसा मिळू लागला. पुस्तकांच्या जागी गिटार कधी आल्या हे नेमके सांगता येणार नाही. पण रॉक बँडनेही एकमेकांकडून शिकणे हा अभ्यासच आहे हे एकदा मान्य झाल्यावर, देशभरातल्या तळघरांत तालमीच्या खोल्या उभ्या राहिल्या. त्यांतल्या काहींच्या शेजारी काचेची खिडकी असलेली आणखी एक छोटी खोली असते. तिच्यात मिक्सर, संगणक आणि बऱ्यापैकी मायक्रोफोन असतात. खाजगी स्टुडिओवाल्यांची नाराजी सुरू होते ती या दुसऱ्या खोलीपासून.

आम्ही त्याच खोलीत आठ अभंग ध्वनिमुद्रित करायला बसलो होतो. तिथे काम पाहणारा मुलगा हुशार होता, आनंदी होता आणि त्याने आयुष्यात तबला पाहिला नव्हता. त्याने डग्ग्यासमोर बास ड्रमचा मायक्रोफोन लावला. त्यामुळे घुमारा गेला आणि उरला तो नुसता धप्प आवाज, जणू कोणी शेजारी उशी झटकत होते. दोन गुरुवार असे गेल्यावर आम्ही वर्गणी काढली आणि शहरातल्या सोडेरमाल्म या भागातल्या एका छोट्या खाजगी स्टुडिओत गेलो.

तिथल्या मालकानेही तबला कधी ध्वनिमुद्रित केला नव्हता, पण तो आधी गुडघ्यावर बसला आणि डग्ग्याभोवती कान फिरवू लागला. हात कुठे दाबला की आवाज कुठून बाहेर पडतो, हे त्याने आमच्या तबलजीकडून पुन्हापुन्हा करून घेतले. मग एक मायक्रोफोन डग्ग्यापासून हातभर लांब, जमिनीलगत ठेवला आणि दुसरा वरून. एवढ्यातच तासभर गेला. हा तास बिलात धरला जाणार हे आम्हाला ठाऊक होते आणि तो धरलाही गेला. पण त्यानंतर जे ऐकू आले ते ऐकून आमच्यातले सर्वांत काटकसरी गृहस्थसुद्धा गप्प झाले. त्या एका दिवसाच्या भाड्यात तळघरातले आमचे अख्खे सहामाही सत्र निघाले असते. बिलावर पंचवीस टक्के ‘मॉम्स’ म्हणजे इथला मूल्यवर्धित करही होता. तळघराच्या पावतीवर असला कर आम्ही कधी पाहिला नव्हता.

कॉफी पिताना मी त्याला या फरकाबद्दल विचारले. त्याने अनुदानाला सरसकट नावे ठेवली नाहीत, याचे मला तेव्हा नवल वाटले. तो उत्तरेकडच्या एका लहान गावातला होता आणि ड्रम वाजवायला तो अशाच एका अनुदानित तळघरात शिकला होता. त्याचे म्हणणे साधे होते. तालमीची खोली स्वस्त असावी. तिथून बँड तयार होतात आणि तयार झालेले बँड त्याच्याकडे येतात. पण तीच संस्था काचेमागच्या खोलीत दिवसाच्या दराने बाहेरच्या लोकांनाही ध्वनिमुद्रण करून देऊ लागते, तेव्हा तिचे भाडे, वीज आणि पगार यांचा बराचसा भार आधीच दुसऱ्याने उचललेला असतो. खाजगी मालकाला मात्र आपला सगळा भार एकट्याने उचलावा लागतो. नव्या बँडची पहिली तीन-चार गाणी, शाळेच्या गायकवृंदाची तबकडी अशी किरकोळ कामे त्याच्या मोकळ्या दिवसांचे भाडे भरत असत. गेली ती हीच कामे. मोठी कामे तळघराकडे कधी वळलीच नव्हती.

मला त्याची ही विभागणी पटते. शिकणे आणि विकणे यांच्यामध्ये कुठेतरी एक रेघ आहे आणि अनुदान त्या रेघेच्या अलीकडेच थांबले पाहिजे. अडचण अशी की ती रेघ कोणी आखलेली नाही. स्वीडनच्या स्पर्धाविषयक कायद्यात २०१० पासून एक तरतूद आहे: सरकार, नगरपालिका किंवा त्यांच्या ताब्यातली कंपनी वस्तू-सेवा विकून खाजगी स्पर्धा बिघडवत असेल, तर न्यायालय तिला ते करण्यास मनाई करू शकते. नगरपालिकेच्या युवक केंद्रातला स्टुडिओ या जाळ्यात सापडू शकतो. पण अभ्यासवर्तुळे चालवणाऱ्या संस्था नगरपालिकेच्या नसतात. त्या स्वयंसेवी चळवळींच्या असतात, फक्त पैसा सरकारी असतो. त्यामुळे त्या या जाळ्यातून निसटतात.

काही ठिकाणी मात्र सरकारी स्टुडिओबद्दल कुणाची तक्रार ऐकू येत नाही. स्टॉकहोममध्ये १९६४ साली स्थापन झालेला ‘ईएमएस’ हा सरकारी पैशावर चालणारा इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ जुन्या दारूभट्टीच्या इमारतीत आहे. तिथे बुक्ला आणि सर्ज हे दुर्मिळ सिंथेसायझर आहेत आणि रचनाकार त्यांच्यावर प्रयोग करतात. कोणताही खाजगी मालक ही यंत्रे भाड्याने देऊन घर चालवू शकला नसता, म्हणून तिथे भांडणही नाही.

उलट बाजारावर सोडलेल्या स्टुडिओचे काय होते, याचे उदाहरणही याच शहरात आहे. आब्बा या स्वीडिश पॉप गटाच्या मंडळींनी १९७८ मध्ये एका जुन्या चित्रपटगृहाच्या जागेत ‘पोलर’ स्टुडिओ उभारला आणि त्याच वर्षी लेड झेपलिन हा ब्रिटिश रॉक बँड तिथे ध्वनिमुद्रणासाठी आला. एवढे नाव असूनही २००४ मध्ये वाढलेल्या भाड्यापायी तो बंद पडला. कोणत्याही अनुदानित तळघराने पोलरला बुडवले नव्हते. बुडवले ते शहरातल्या जागेच्या किमतीने. आमच्या मालकालाही मी हे बोलून दाखवले, तेव्हा त्याने मान डोलावली आणि त्यात लॅपटॉपची भर घातली. शयनगृहात गादीच्या आडोशाला गाणारी मुले हीच त्याची सर्वांत मोठी प्रतिस्पर्धी आहेत आणि त्यांना अनुदान कोणी देत नाही. सध्या त्याचे निम्मे दिवस बोलत्या पुस्तकांच्या वाचनावर निघतात. मायक्रोफोन तोच असतो. त्याच्यासमोर ड्रमऐवजी एक अभिनेत्री पाण्याचा पेला घेऊन बसलेली असते.

मग सरकारने अनुदान कापले. २०२४ च्या अर्थसंकल्पात अभ्याससंस्थांना २५ कोटी क्रोनर कमी मिळाले, २०२५ साठी ही कपात ३५ कोटी आणि २०२६ साठी ५० कोटी ठरली. बातमी आली तेव्हा मला वाटले, आता सोडेरमाल्ममधल्या स्टुडिओचे दिवस फिरतील. आमच्या संस्थेने आधी भाडे वाढवले, मग काचेमागची खोली बंद केली. आमचा गुरुवार वाचला, पण शेजारच्या खोलीत तालीम करणारी तीन शाळकरी मुले दिसेनाशी झाली.

पुढचे अभंग ठरवण्यासाठी गेल्या महिन्यात मी पुन्हा मालकाकडे गेलो आणि त्या मुलांसारखी नवी गिऱ्हाइके येऊ लागली का, असे विचारले. एकही आले नव्हते. दाराशी मायक्रोफोनचे दोन ओळखीचे स्टँड उभे होते, एकाच्या पायाला आमच्या तळघरातली निळी चिकटपट्टी अजून तशीच होती. संस्थेने सामान विकायला काढले तेव्हा त्याने ते स्वस्तात घेतले होते. आमच्या डग्ग्यासाठी तो जमिनीलगतचा मायक्रोफोन आता त्यांतल्याच एकावर लावू, असे म्हणून त्याने वहीत आमची तारीख लिहून घेतली.