नवा बँड, साल १९७२

पिंक फ्लॉइड या बँडचा कंटाळा आलाय, हे प्रॉग, म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक, लांबलचक आणि गुंतागुंतीच्या रचनांचा, तो ऐकणाऱ्या चारचौघांत बोलायची चोरी आहे. समोरचा आधी गप्प होतो आणि मग काळजीने विचारतो, "तब्येत बरी आहे ना?" पण येतो कंटाळा, काय करणार. त्यांचा 'डार्क साइड ऑफ द मून' १९७३ सालचा. मी तो कॉलेजात असल्यापासून ऐकतोय. आधी कुणाकडून तरी भरून आणलेल्या कॅसेटवर, मग काळा घोड्याच्या रिदम हाउसमधून घेतलेल्या सीडीवर, आणि २०१६ साली ते दुकानच बंद झाल्यावर फोनवर. आता त्यात ऐकायचं काही उरलेलं नाही. त्यातल्या 'टाइम' गाण्यातली घड्याळं खणाणायच्या आत माझा हात आवाज कमी करायला गेलेला असतो. 'मनी'च्या सुरुवातीचा तो गल्ल्याचा आणि नाण्यांचा खणखणाट सात मात्रांत बसवलेला आहे हे कळलं तेव्हा कोण आनंद झाला होता! लहानपणी डोंबिवलीत तबल्याच्या क्लासात रूपक हातावर मोजलेला, त्यामुळे 'अरे, हे तर ओळखीचं' असं झालेलं. आता बोटं आपली आपण मोजतात आणि मन संध्याकाळी भाजी कुठली आणायची याच्या विचारात असतं.

पण खरा धसका घेतला तो 'स्टारलेस'च्या वेळी. किंग क्रिम्झनच्या १९७४ च्या 'रेड' या रेकॉर्डवरचं हे शेवटचं गाणं, बारा मिनिटांचं. मधोमध रॉबर्ट फ्रिप गिटारवर जवळजवळ एकच सूर धरून बसतो. तेरा मात्रांच्या आवर्तनावर टोचत राहतो, टोचत राहतो, मग सूर जरासा वर, की पुन्हा तेच. खाली बेस आणि ड्रम्स इंचाइंचाने चढत जातात आणि हे आता फुटणार तरी कधी म्हणून ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. पूर्वी त्या मिनिटांत मी जागचा हलत नसे. परवा त्याच जागी मी लाइटबिल भरलं. गाणं फुटलं तोवर ओटीपी येऊन, टाकून, पावतीसुद्धा आली होती.

यमनचा असा कंटाळा का येत नाही? कारण यमन म्हणजे एक रेकॉर्ड नव्हे. तीच बंदिश तोच गवई उद्या गायला बसला तर समेवर यायची वाट निराळी असते. प्रॉगवाल्यांनी मांड ऐसपैस घातली, वीस-वीस मिनिटांची, पण बहुतेक वेळा ती आधी ठरवून, घासूनपुसून. यस या बँडचं 'क्लोज टू द एज' हे १९७२ चं अठरा मिनिटांचं गाणं तर स्टुडिओत तुकड्यातुकड्यांनी रेकॉर्ड करून जोडलेलं आहे. सुरुवातीला पक्ष्यांचा किलबिलाट, वाहतं पाणी, आणि मग एकदम सगळी वाद्यं अंगावर येतात. त्या 'एकदम'वरच सगळी मदार. आणि 'एकदम' पाठ झालं की उरलं काय?

तेव्हा नवं काहीतरी शोधणं भाग होतं. फोनवरच्या ॲपकडून फार अपेक्षा नव्हती, तेवढीही त्याने पुरी केली नाही. फ्लॉइड ऐकणाऱ्याला ते आणखी फ्लॉइड देतं, मग फ्लॉइडचे लाइव्ह कार्यक्रम, मग त्यांच्या गिटारवाल्या गिल्मरचं एकट्याचं, मग फ्लॉइडची गाणी वाजवणारे दुसरेच कुणी. रोज वरणभात जेवणाऱ्याला 'तुम्हाला हेही आवडेल' म्हणून भातवरण वाढावं, त्यातला प्रकार.

मित्रांनी अलीकडच्या बँडची लांबलचक यादी पाठवली. इथे माझं एक भांडण आहे आणि ते मेलोट्रॉनवरून आहे. मेलोट्रॉन हे पूर्वी इंग्लंडात बर्मिंगहॅमला बनणारं वाद्य. दिसायला ऑर्गन, पण आत प्रत्येक पट्टीला टेपचा एकेक तुकडा जोडलेला, आणि त्या टेपवर व्हायोलिनचा, बासरीचा किंवा गाणाऱ्या घोळक्याचा एकेक सूर भरून ठेवलेला. पट्टी दाबली की टेप सरकायला लागते आणि साधारण आठ सेकंदांत संपते. संपली की बोट उचलायचं, टेप मागे जाऊ द्यायची आणि पुन्हा दाबायचं. त्यात सूर हलायचा, यंत्र रुसायचं, दौऱ्यावर न्यायचं म्हणजे संकट. क्रिम्झनच्या १९६९ च्या पहिल्या रेकॉर्डवर तो जो धुरकट, जरासा थरथरता व्हायोलिनांचा पडदा आहे, तो याच वाद्याचा. तेव्हा ही मंडळी एका नव्या, अडेलतट्टू यंत्राशी झटापट करत होती. आज तोच आवाज लॅपटॉपमधून निघतो, थरथरीसकट, आणि आठ सेकंदांची अडचण वजा करून. हे नवे बँड वाजवतात झकास. हाताची तयारी तर म्हाताऱ्यांपेक्षा काकणभर सरसच. पण मला १९७२ सालचं ऐकायचं असेल तर मी १९७२ सालचंच ऐकेन की!

सगळेच तसे नाहीत हे मान्य. स्वीडनच्या एंग्लागोर्डचा १९९२ चा 'हिब्रिस' मेलोट्रॉनने भरलेला असूनही उसना वाटत नाही, आणि पॉर्क्युपाइन ट्री या बँडला कुणाची नक्कल म्हणायची माझी छाती नाही. २००९ च्या डिसेंबरात ते पवईला आयआयटीच्या मूड इंडिगो महोत्सवात वाजवून गेले, तेव्हा मुंबईतल्या प्रॉगवाल्यांची अवस्था पाहण्यासारखी झाली होती. पण त्यांचा स्टीव्हन विल्सनसुद्धा अधूनमधून क्रिम्झन, यस, जेथ्रो टल यांच्या जुन्या टेपा काढून त्यांचं नव्याने मिक्सिंग करत बसतो. म्हणजे फिरून गाडी त्याच स्टेशनात.

कामी आली ती एक जुनीच युक्ती. बँडचं नाव सोडायचं आणि माणसाचा माग काढायचा. आपल्याकडे गाण्याला जाणारे साथीला कोण आहे हे आधी विचारतात. अमुक तबल्यावर होता म्हणून गेलो, गवयाचं नाव आता आठवत नाही, असं सांगणारेही भेटलेत. इथेही तसंच करता येतं. 'क्लोज टू द एज' पूर्ण झाल्याबरोबर यसचा ड्रमर बिल ब्रुफर्ड जोरात चाललेला बँड सोडून क्रिम्झनमध्ये गेला. त्याचं बोट धरून गेलं की एका रेकॉर्डवरून दुसरीवर आपोआप पोचता येतं, पण तो रस्ता माझा पायाखालचा. म्हणून मी पीटर सिनफील्डला धरला. हा क्रिम्झनची गाणी लिहायचा. तिथून बाहेर पडल्यावर त्याचं काय झालं म्हणून पाहायला गेलो, तर हा बाबा १९७३ साली इटलीतल्या एका बँडच्या चालींवर इंग्रजी शब्द लिहीत बसलेला. रेकॉर्ड काढली होती इमर्सन, लेक अँड पामर या बँडच्या मँटिकोर कंपनीने. बँडचं नाव प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनी, लोकांच्या तोंडी पीएफएम. नाव घेतलंय एका बेकरीवरून. बेकरीचं नाव लावून इतकं गंभीर संगीत करणारी माणसं मला एकदम आपली वाटली. सिनफील्डची इंग्रजी रेकॉर्ड बाजूला ठेवली आणि मूळ इटालियन लावली.

इटलीचं या बाबतीत वेगळंच आहे. व्हॅन डर ग्राफ जनरेटर हा बँड इंग्लंडमध्ये मोजक्या लोकांचा, पण त्यांची १९७१ ची 'पॉन हार्ट्स' इटलीत पहिल्या क्रमांकावर गेली. तिच्यात तेवीस मिनिटांचं एक गाणं आहे, एकट्या पडलेल्या दीपगृहाच्या राखणदाराचं. असली रेकॉर्ड जिथे पहिली येते त्या देशाबद्दल आदर वाटायलाच हवा. जेनेसिसलाही घरच्यांच्या आधी इटलीने उचलून धरलं. मला वाटतं ऑपेराच्या देशात लांबलचक, नाट्यमय, गळा काढून गायची कुणाला लाज नव्हती. इंग्रज माणसाला भावना आवरेनाशा झाल्या की तो वेष पालटून येतो. जेनेसिसचा गायक पीटर गॅब्रिएल तर अक्षरशः लाल झगा घालून आणि कोल्ह्याचं मुंडकं डोक्यावर चढवून स्टेजवर यायचा. इटालियन गायक आहे त्या कपड्यांत उभा राहून गातो.

पीएफएमची १९७२ ची पहिली रेकॉर्ड 'स्तोरिया दी उन मिनूतो'. तिच्यावर 'इम्प्रेसिओनी दी सेत्तेंब्रे' नावाचं गाणं आहे. सुरुवातीला गिटार आणि अगदी हलक्यात, स्वतःशीच बोलावं तसा आवाज. शब्द कळायचं कारण नाही, पण गाणं ध्रुवपदाकडे निघालंय एवढं कळतं. आवाज चढतो, ड्रम्स जागे होतात, आता येणार, आता येणार, आणि ऐन जागेवर गायक गप्पच होतो. ध्रुवपदाला शब्दच नाहीत. तिथे मूग सिंथेसायझरची, म्हणजे विजेवर चालणाऱ्या कीबोर्डची, एक लांबरुंद धून उघडते. मी हातातलं काम ठेवून बसलो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "हे काय लावलंय? चांगलंय." इतक्या वर्षांत घरातून आलेला हा पहिला बरा शेरा. एरवीचा प्रश्न ठरलेला असतो, "हे मघाचंच चालू आहे की दुसरं लागलं?"

पुढे बांको देल मूतुओ सोक्कोर्सो. रोमचे. त्यांच्याही पहिल्या रेकॉर्डचं साल १९७२, आणि मूळ कव्हर पैसे साठवायच्या गल्ल्याच्या आकारात कापलेलं. व्हित्तोरिओ आणि जान्नी हे नोचेंत्सी बंधू, एकाकडे ऑर्गन, दुसऱ्याकडे पियानो, आणि दोघे एकमेकांना जराही उसंत देत नाहीत. पुढे दाढीवाला, देहाने भरभक्कम फ्रान्चेस्को दी जाकोमो, ज्याचा गळा त्या सगळ्या गर्दीवरून सहज निघून जातो. त्यांचं 'इल जार्दीनो देल मागो' अठरा मिनिटांचं आहे. पहिल्यांदा ते मला आवडलं नाही. कुठे चाललंय, का थांबलं, मध्येच पियानो का सुरू झाला, काही पत्ता लागेना. आवडलं नाही याचाच मला इतका आनंद झाला की लगेच परत लावलं. प्रॉगमधलं एखादं गाणं आपल्याला कळलं नाही, ही चैन कितीतरी वर्षांत वाट्याला आली नव्हती.

आणि आरेआ. हे मिलानचे, विचाराने कट्टर डावे, वाजवण्यात जॅझकडे झुकलेले. त्यांचं १९७३ चं 'लुल्यो, आगोस्तो, सेत्तेंब्रे नेरो' सुरू होतं तेच एका बाईच्या अरबी बोलण्याने. मग देमेत्रिओ स्त्रातोसचा तो आवाज, आणि त्याच्या पाठोपाठ बाल्कन वळणाची, विषम मात्रांची, धावती धून. माझी बोटं सवयीने मोजायला गेली आणि चुकली. पुन्हा मोजलं, पुन्हा चुकली. तबल्याचे मास्तर असते तर पाठीत धपाटा बसला असता, मी मात्र खूश.

स्त्रातोस जन्माने अलेक्झांड्रियाचा ग्रीक. गळ्यातून एका वेळी दोन-दोन, तीन-तीन सूर काढायची त्याची खटपट चाललेली असायची, आणि शेवटी शेवटी तर तो बँड सोडून नुसत्या आवाजाच्याच मागे लागला. १९७९ साली तो गंभीर आजारी पडला. उपचारांसाठी पैसे उभे करायला मिलानमध्ये १४ जूनला मोठा कार्यक्रम ठरला. १३ जूनला तो न्यूयॉर्कमध्ये गेला, वय ३४. कार्यक्रम ठरल्या दिवशी झाला, फक्त श्रद्धांजलीचा झाला. हे वाचलं तेव्हा मी आठवडाभर लोकांना 'एक नवा बँड सापडलाय' म्हणून सांगत सुटलो होतो. पण कानांना साल कळत नाही. पुढे काय येणार हे ठाऊक नसलं की त्यांच्या लेखी बँड नवा.

भाषा न कळण्याचाही उपयोग होतोच. तसं पाहिलं तर यसची गाणी इंग्रजीत असून कुठे कळत होती! पण निदान प्रत्येक शब्द ओळखीचा असायचा आणि डोकं उगाच अर्थ लावत बसायचं. इटालियनमध्ये तो व्याप नाही. फ्रान्सचा माग्मा तर त्याच्याही पुढे गेला. त्यांच्या ख्रिस्तियान वांदेर या ड्रमरने स्वतःची कोबाइयन नावाची भाषाच बनवली आणि बँड तीत गातो. ते प्रकरण मी सध्या लांब ठेवलंय. शेजारी नवे आलेत, त्यांना आधी आमची सवय होऊ दे. मुंबईच्या 'कोशिश' बँडचा २०१३ चा 'फिरदौस' हिंदीत आहे आणि चांगला आहे, पण तिथे शब्द कळतात आणि मी पुन्हा शब्दांच्याच नादी लागतो.

मध्यंतरी एका मित्राचा फोन आला. त्यालाही फ्लॉइडचा कंटाळा आलेला, आवाज खाली आणून त्याने ते कबूल केलं. पीएफएमपासून सुरू कर म्हणायला हवं होतं, तो मार्ग सोपा. पण म्हटलं, याची तबल्याची विशारद झालेली आहे, फार मोजत असतो. आरेआ पाठवलं. पाच मिनिटांत परत फोन.

"अरे, ही बाई काय बोलतेय?"

"अरबी आहे. तू पुढे ऐक."

"ऐकलं थोडं. ते मध्ये काय आहे, किती मात्रांचं?"

"मोज की."

"मोजतोय. जमत नाहीये. त्याच्यापुढे काय आहे, ते सांग."

"ते नाही सांगणार," म्हटलं आणि फोन ठेवला.